वखारीतली पाइनची फळी वाचायची कशी: झाड वाढलं तसं लाकूड

सांगली-मिरज-कुपवाड आणि साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींत पाइन मुख्यतः तीन कामांना लागतं: मालाच्या पेट्या नि पॅलेट, फौंड्रीचे पॅटर्न (ओतकामाचा साचा उठवायचे लाकडी नमुने) आणि स्वस्तातलं फर्निचर. तक्रारीही ठरलेल्या आहेत. खिळा मारताना फळी उलते, पॅटर्न पावसाळ्यात मापात राहत नाही, पश्चिमेच्या दाराला एप्रिलमध्ये गाठीतून राळ सुटते. विचारलं की उत्तर मिळतं, "सीझनिंग (लाकूड वाळवणं) कमी पडलं." कधीकधी ते खरं असतं. पण पुष्कळदा वाळवणाऱ्या भट्टीचा काही दोष नसतो. झाड कोणत्या हवेत, किती दाटीत, कसल्या उतारावर वाढलं त्यावर फळीत लिग्निन किती, सेल्युलोज किती, राळ किती हे आधीच ठरलेलं असतं आणि वाळवून ते बदलत नाही. फळीच्या टोकाकडे नीट पाहिलं तर यातलं बरंचसं विकत घेण्यापूर्वीच कळतं.

वखारीत सगळ्याला 'पाइन' म्हणतात, पण माल एक नसतो. न्यूझीलंडचं रेडिएटा, अमेरिकेच्या दक्षिण भागातलं सदर्न यलो पाइन, युरोपातलं पाइन आणि हिमाचल-उत्तराखंडचा चीड यांची वाढ वेगळी, म्हणून लाकूडही वेगळं. इथे रेडिएटा धरून सांगितलं आहे. बाकीच्यांचे फरक जागच्या जागी येतील.

फळीत असतं काय

कोरड्या पाइनच्या वजनात साधारण ४० ते ४२ टक्के सेल्युलोज, २५ ते ३० टक्के हेमिसेल्युलोज आणि २६ ते २९ टक्के लिग्निन असतं. उरलेल्या थोड्या टक्क्यांत राळ, मेद, साखर आणि क्षार. सेल्युलोजचे बारीक तंतू पेशीच्या भिंतीत गुंडाळलेले असतात. ते ताण सोसतात. लिग्निन त्यांना घट्ट धरतं आणि दाब सोसतं. तंतू पेशीच्या लांबीला जवळजवळ समांतर असले, तर लाकूड ताठ राहतं आणि लांबीत जवळपास आटत नाही. तंतू तिरके गुंडाळलेले असले की लाकूड लवचीक होतं आणि वाळताना लांबीतही आखूड होतं. पुढच्या बहुतेक दोषांचं मूळ या तिरकेपणात आणि लिग्निनच्या प्रमाणात आहे.

जंगलात काय ठरतं

रेडिएटा मूळचं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं. न्यूझीलंडमध्ये लावलेल्या जंगलांपैकी सुमारे ९० टक्के जंगल याच झाडाचं आहे आणि तोड साधारण २५ ते ३० वर्षांनी होते.

सगळ्यात मोठा परिणाम वयाचा, म्हणजे खोडात दर वर्षी पडणारं वलय झाडाने किती वर्षांचं असताना घातलं याचा. खोडाच्या केंद्रापासूनची पहिली दहाएक वलयं कोवळ्या लाकडाची. त्यात सेल्युलोज कमी, लिग्निन थोडं जास्त, तंतू तिरके, पेशी आखूड आणि घनता कमी. त्यापुढचं लाकूड वर्षागणिक सुधारत जातं. आपल्या सुतारांची इथेच फसगत होते. सागात मधला भाग पक्का, कडेचा कच्चा. तोच हिशेब ते पाइनला लावतात. पाइनमध्ये मधली फळी सगळ्यात कमजोर आणि सालीकडची सगळ्यात चांगली.

दाटीचा परिणाम वयाच्या मार्गाने होतो. हेक्टरी ८०० ते १,००० रोपं लावून विरळणी करत शेवटी २५० ते ४०० झाडं ठेवणं ही तिकडची नेहमीची पद्धत. लवकर आणि जास्त विरळणी केली की उरलेली झाडं भराभर जाड होतात. वलयं रुंद पडतात आणि तीच दहा कोवळी वलयं खोडाचा मोठा भाग व्यापतात. म्हणून 'रुंद वलय म्हणजे वाईट लाकूड' हे अर्धंच खरं. पंधराव्या वर्षाचं आठ मिलिमीटरचं वलय पाचव्या वर्षाच्या चार मिलिमीटरच्या वलयापेक्षा सहसा चांगलं असतं. मोकळ्या झाडाला फांद्याही जाड येतात, म्हणजे फळीत मोठ्या गाठी. खालच्या सुमारे सहा मीटर खोडावरच्या फांद्या लहानपणीच छाटलेल्या असतील, तर त्या ओंडक्याच्या बाहेरच्या फळ्या बिनगाठीच्या मिळतात. त्यांचा भाव वेगळा असतो, आणि तो योग्यच आहे.

हवा उबदार आणि हंगाम लांब असला, तर वलयाचा उत्तरार्ध, म्हणजे गडद आणि जाड भिंतींच्या पेशींचा पट्टा, रुंद होतो. न्यूझीलंडच्या उत्तर टोकाकडचं रेडिएटा दक्षिणेकडच्या थंड भागातल्या रेडिएटापेक्षा जड असतं, ते यामुळे. नत्राचा भारी डोस दिला की वलय रुंद होतं, पण जास्तीची रुंदी बहुतांश फिकट, पातळ भिंतींच्या पेशींची असते आणि घनता थोडी उतरते. बोरॉन कमी पडलं तर शेंडा मरतो, बाजूची फांदी शेंड्याची जागा घेते आणि खोडाला बाक येतो. या बाकातून पुढे काय होतं ते खाली आहेच.

पाण्याचा ताण वलयात खुणा सोडतो. हंगामाच्या मध्येच दुष्काळ पडून मग पाऊस आला, तर एकाच वर्षात दोन गडद पट्टे दिसतात. वलयं मोजताना हा खोटा पट्टा धरू नये. खऱ्या वलयाची गडद कड बाहेरच्या बाजूला चाकूने कापल्यासारखी तुटते, खोट्या पट्ट्याची कड दोन्हीकडे विरळ होत जाते. कोरड्या, वाऱ्याच्या भागात खोडाच्या आत बारीक चिरा पडून त्यांत राळ साचते. न्यूझीलंडच्या कँटरबरी मैदानातल्या लाकडात या राळेच्या खाचा म्हणूनच जास्त सापडतात.

पहिली पायरी: केंद्र किती लांब आहे ते काढा

फळीचं टोक पटाशीने किंवा धारदार रंध्याने दोन मिलिमीटर साफ करा. करवतीच्या खरबरीत टोकावर काहीच नीट दिसत नाही. ओल्या फडक्याने पुसा, वलयं उठून दिसतील. केंद्र फळीतच दिसत असेल तर मोजायचं काही नाही. ती फळी पेटीच्या तळाला आडवी टाकायला ठीक, पॅटर्नला किंवा दाराच्या चौकटीला नको.

केंद्र बाहेर असेल तर एक स्पष्ट वलय निवडा. त्याच्या कमानीवर दोन बिंदू घेऊन त्यांमधलं सरळ अंतर मोजा. त्या सरळ रेषेच्या मध्यापासून कमानीची उंची मोजा. सरळ अंतराच्या वर्गाला उंचीच्या आठपटीने भागा आणि त्यात उंचीचा निम्मा भाग मिळवा. केंद्रापासूनचं अंतर आलं. उदाहरणार्थ, सरळ अंतर ८० मिमी आणि उंची ८ मिमी. ६,४०० भागिले ६४ म्हणजे १००, अधिक ४, एकूण १०४ मिमी. वलयं सरासरी ८ मिमीची दिसत असतील तर हे तेराव्या वलयाच्या आसपास आहे. पण आतली वलयं सहसा बाहेरच्यांपेक्षा रुंद असतात, त्यामुळे खरा आकडा दहा-अकराच असण्याची शक्यता धरा. कमान जवळजवळ सपाट दिसत असेल तर हिशेब न करता फळी घ्यायला हरकत नाही. उंची मोजण्यात एका मिलिमीटरची चूक झाली तरी उत्तर दहा ते चौदा मिलिमीटरने हलतं. म्हणून शक्य तितकी लांब कमान घ्या.

दुसरी पायरी: दाबाचं लाकूड शोधा

यावर जास्त वेळ घालवावा, कारण सगळ्यात महागात पडणारा दोष हाच. झाड उतारावर, सततच्या वाऱ्यात किंवा शेंडा मोडून वाकडं वाढलं की ते स्वतःला सरळ करायला धडपडतं. पाइनवर्गातली झाडं हे खालच्या बाजूने, म्हणजे ज्या अंगाला झुकली त्या अंगाला, वेगळं लाकूड घालून करतात. या दाबाच्या लाकडात लिग्निन ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत जातं, सेल्युलोज ३० टक्क्यांजवळ उतरतं, आणि एरवी एक-दोन टक्के असणारं गॅलॅक्टन (हेमिसेल्युलोजचा एक प्रकार) दहाएक टक्के होतं. पेशी गोल होतात, त्यांच्यात पोकळ्या राहतात आणि सेल्युलोजचे तंतू ३० ते ५० अंशांनी तिरके पडतात.

वखारीत हे लाकूड फसवतं. ते जड असतं, कठीण लागतं, रंगाला तांबूस असतं, त्यामुळे नवखा माणूस तीच फळी चांगली म्हणून बाजूला काढतो. पण त्याचा ताठपणा वजनाच्या मानाने कमी असतो, मोडताना ते तंतू न सोडता कटकन तुटतं आणि लांबीत आटतं. साधं पाइन हिरव्यापासून पूर्ण कोरडं होईतो लांबीत ०.१ ते ०.२ टक्के आटतं. दाबाचं लाकूड एक ते दोन टक्के, वाईट असेल तर त्याहून जास्त. आता १,२०० मिमीची फळी घ्या. पावसाळ्यात तिच्यात १८ टक्के ओल आहे, उन्हाळ्यात १० टक्क्यांवर आली. साधी फळी या काळात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हलेल. दोन टक्केवाली सहा मिलिमीटरच्या वर. त्यातही एकाच फळीच्या एका कडेला असं लाकूड आणि दुसऱ्या कडेला साधं असेल तर एक कड ओढते, दुसरी ओढत नाही, आणि फळी धनुष्य होते. असा बाक शिकंजात दाबून वाळवला तरी परत येतो.

ओळखायची रीत अशी. टोकावर वलयं एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद आहेत का, रुंद बाजूला गडद पट्टा वलयाच्या निम्म्याहून अधिक भागात पसरलाय का आणि फिकट-गडदची सीमा पुसट झालीय का ते पाहा. शंका आली तर टोकाकडून आडवी, सारख्या जाडीची तीन मिलिमीटरची चकती कापा आणि बॅटरीच्या उजेडासमोर धरा. साध्या लाकडातून उजेड झिरपतो, दाबाच्या लाकडाचा भाग काळपट आणि अपारदर्शक दिसतो. चकती ओली असेल तर फरक आणखी ठळक होतो. करवत बारीक दात्यांची घ्या. चकती जाड-बारीक झाली तर चाचणीला अर्थ राहत नाही.

मोठी ऑर्डर असेल तर एक चाचणी आणखी करावी. संशयित भागातून आणि साध्या भागातून ३०० मिमी लांब, २० मिमी रुंद, ५ मिमी जाड अशा दोन पट्ट्या उभ्या रेषेने, म्हणजे लाकडाच्या लांबीला समांतर, कापा. दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा, व्हर्नियरने किंवा चांगल्या पोलादी पट्टीने लांबी लिहा, मग १०३ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि पुन्हा मोजा. साधी पट्टी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास कमी होईल. तीन मिलिमीटर किंवा जास्त कमी झाली तर त्या गठ्ठ्यातली प्रत्येक फळी स्वतंत्र तपासा.

तिसरी पायरी: वजन आणि रेषेचा तिरकेपणा

बिनगाठीचा ५० × ५० × १०० मिमीचा तुकडा कापा. त्याचं आकारमान २५० घन सेंटिमीटर. तो १०३ अंशाला वाळवून ग्रॅममध्ये वजन करा आणि चारने गुणा, किलो प्रति घनमीटर मिळतील. ९० ग्रॅम म्हणजे ३६०, हे कोवळं लाकूड. ११५ ग्रॅम म्हणजे ४६०, हे बाहेरचं चांगलं रेडिएटा. सदर्न यलो पाइन याहून जड भरतं. तो त्याच्या गडद पट्ट्यांचा गुण. पण त्याच पट्ट्यांमुळे खिळा घसरतो आणि फळी उलते. तिथे ३ मिमीच्या खिळ्याला आधी सव्वादोन मिलिमीटरचं भोक पाडा आणि टोकापासून निदान ४५ मिमी आत राहा. आकडा जड आला म्हणून खूश होण्याआधी दुसरी पायरी झालीय ना ते बघा. दाबाचं लाकूडही जडच भरतं.

कोवळ्या लाकडात रेषा, म्हणजे पेशींची उभी दिशा, खोडाभोवती पीळ घेत जाते. चिडात हा पीळ मोठ्या झाडातही असतो. फळीच्या सपाट बाजूवर शाईच्या पेनाने ठिपका द्या. शाई रेषेच्या दिशेने पसरते. ती दिशा एक मीटर पुढे नेली असता कडेपासून पाच सेंटिमीटरहून जास्त सरकत असेल, तर फळी वाळताना पिळणार.

ओल: एचटीचा शिक्का म्हणजे वाळलेलं नव्हे

निर्यातीच्या पेटीवर लागणारा एचटी (हीट ट्रीटमेंट) शिक्का सांगतो की लाकडाच्या आतपर्यंत ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं राहिलं. त्याने किडे मरतात. ओल तेवढ्यात निघेलच असं नाही, आणि शिक्का असलेली फळी २५ टक्के ओलीचीही असू शकते. पिनांचं ओल मोजायचं मीटर पाइनच्या सेटिंगवर ठेवून टोकापासून हातभर आत, गाठ आणि राळेची खाच टाळून, तीन ठिकाणी वाचन घ्या. पेटीला १८ टक्के पुरे. फर्निचरला १० ते १२. पाटण-महाबळेश्वरच्या पट्ट्यात जाणारं काम आणि जत-आटपाडीला जाणारं काम एकाच ओलीवर जोडू नये. घाटमाथ्यावरच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि दुष्काळी पट्ट्यातल्या उन्हाळ्यात तेच खडखडीत होतं. दाराच्या पॅनेलला खाचेत दोन-तीन मिलिमीटर मोकळीक सोडा, आणि पॅनेल डिंकाने चिकटवू नका.

राळ, डाग आणि वाळवी

राळ गाठीभोवती आणि गाभ्याच्या लाकडात, म्हणजे खोडाच्या आतल्या, पाणी न वाहणाऱ्या भागात, जास्त असते. रेडिएटात गाभ्याचं लाकूड साधारण बारा-पंधरा वर्षांनंतर तयार व्हायला लागतं, त्यामुळे लवकर तोडलेल्या झाडात ते थोडंच असतं. कमी तापमानावर वाळवलेल्या लाकडात राळेतला टर्पेंटाइनचा भाग शिल्लक राहतो आणि ऊन लागलं की ती पातळ होऊन बाहेर येते. गाठी टर्पेंटाइनने पुसा, सुकू द्या, मग एक लिटर स्पिरिटमध्ये २५० ग्रॅम चपडा लाख विरघळवून दोन हात मारा. प्राइमर त्यानंतर. पश्चिमेच्या उन्हात येणाऱ्या दाराला गडद रंग देऊ नका, तो राळेला आणखी तापवतो. राळेची खाच दिसली तर कोरून काढा आणि तुकडा बसवा. वरून पुट्टी टिकत नाही.

डिंक लावण्याआधी ताज्या रंधलेल्या जागेवर पाण्याचा थेंब टाका. काही सेकंदांत पसरला तर ठीक. अर्ध्या मिनिटानंतरही मोत्यासारखा उभा असेल तर राळ आणि मेद पृष्ठावर आलेत. पुन्हा एक हलका रंधा मारून त्याच दिवशी चिकटवा.

रंधा मारल्यावर वरच्या फिकट थराखाली तपकिरी पट्टा निघाला, तर ते भट्टीतलं काम. बाहेरच्या लाकडातली साखर आणि नत्राचे पदार्थ पाण्याबरोबर पृष्ठाकडे येतात आणि उष्णतेने तिथेच करपतात. पट्टा सहसा एक-दोन मिलिमीटरच खोल असतो. आणखी थोडं तासा, पण दोन्ही बाजूंनी सारखं. एकाच बाजूने तासलं तर फळी बाकते. निळा डाग वेगळा. तो साखरेवर जगणाऱ्या बुरशीचा असतो, पेशीची भिंत ती फारशी खात नाही, म्हणून पेटीला अशी फळी चालते. मात्र निळा डाग म्हणजे लाकूड कधीतरी बरेच दिवस ओलं पडून होतं, एवढं समजून बाकीची फळी नखाने टोचून पाहा. मऊ लागली तर परत करा.

वाळवीला पाइनमध्ये अडवणारं फारसं काही नाही. बाहेरचं लाकूड औषध चांगलं पितं, गाभ्याचं पीत नाही, कारण तिथली पेशींमधली दारं मिटलेली आणि राळेने बुजलेली असतात. त्यामुळे जमिनीला टेकणाऱ्या कामाला दाबाने औषध भरलेली, बाहेरच्या लाकडाची फळीच मागा. नुसतं ब्रशने औषध फासणं म्हणजे पैसे घालवणं. बोरिक आम्ल आणि बोरॅक्सचं औषध घराच्या आतल्या कामाला ठीक. पावसात ते धुऊन जातं.

पॅटर्नसाठी एवढं जास्त

पॅटर्नमेकरला लाकूड हलकं चालतं, हलणारं चालत नाही. केंद्रापासून दहा वलयांच्या पुढची, सरळ रेषेची, दाबाचं लाकूड नसलेली फळी निवडा. एका जाड ठोकळ्याऐवजी २० ते २५ मिमीचे थर घ्या, शेजारच्या थरांच्या वलयांच्या कमानी आलटून-पालटून ठेवा आणि रेषा सगळ्यांची एकाच दिशेने. सगळे थर एकाच गठ्ठ्यातले आणि एकमेकांपासून दोन टक्क्यांच्या आतल्या ओलीचे असावेत. कापलेले थर शॉपमध्ये आठवडाभर मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवा. या आठवड्यात जो थर बाकला तो बाद, त्याला रंधून सरळ करत बसू नका. जोडून झालं की सगळ्या बाजूंना, खालच्यासुद्धा, लाखेचे किंवा रंगाचे सारखेच हात द्या. तळ कोरा राहिला तर ओल तिथूनच आत जाते आणि पहिल्या पावसातच माप चुकतं.